सूचक म्हणून लिहिलेलं नाव

जळगावच्या ज्या दवाखान्यात माझ्यावर उपचार झाले, तिथे नव्या रुग्णांशी बोलायला एक ताई असतात. उपचारांचा शेवटचा दिवस होता तेव्हा त्या म्हणाल्या, "नाना, तुम्ही लिहिण्यातले आहात. नव्याने येणाऱ्यांसाठी चार पानं लिहून द्या. लोकांची भीती कमी होते."

मी हो म्हणालो. दोनदा लिहिलं आणि दोन्ही वेळा फाडलं. नळीतून पेज कशी घालायची, तोंड आल्यावर काय चालतं, हे सगळं त्यात नीट होतं. पण त्या पाच आठवड्यांत आजारापेक्षा ज्या गोष्टीने मला जास्त छळलं, तिच्याजवळ आलो की माझं पेन वळसा घालून पुढे जायचं. अठरा वर्षं मी तिला असाच वळसा घालत आलो आहे. घरात कितीतरी वर्षं सांगितली नाही, ज्यांच्याबरोबर काम केलं त्यांच्यातही कधी काढली नाही. आता माझं वय चौऱ्याहत्तर आहे. दर तीन महिन्यांनी तपासणी असते आणि प्रत्येक तपासणीला जाताना वाटतं, या वेळी काही निघालं तर हे सांगायचं राहील. म्हणून लिहितो आहे. ज्यांना फक्त आजाराचं वाचायचं असेल, त्यांनी पहिले तीन भाग वाचून कागद खाली ठेवला तरी माझी तक्रार नाही.

घास

मी धुळ्याचा. सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालो. थंडीच्या दिवसांत एका दुपारी बाजरीची भाकरी खाताना घास छातीच्या मधोमध अडकला. पाणी प्यायलो, गेला. चार दिवसांनी पुन्हा तसंच झालं. मग मी भाकरी वरणात भिजवून, कुस्करून खायला लागलो. सुमनला, म्हणजे माझ्या पत्नीला, सांगितलं की दाढ दुखते. ही चोरी मी दोन महिने केली. पुढे वरणभातही अडकायला लागला तेव्हा ती ताट उचलताना म्हणाली, "दाढ दुखते म्हणता आणि हात छातीवर नेता. दाढा तिथे कधी उगवल्या?"

वाचणाऱ्याला एवढंच सांगतो, घास अडकायला लागला तर आठ-पंधरा दिवसांत दाखवून या. मी दोन महिने घालवले. कारण भीती हे नव्हतं, हेही खरं सांगायला हवं. गोष्ट बोलली नाही की ती झालीच नाही, असं वागायची मला जुनी सवय होती.

अहवालाचा दिवस

धुळ्यात दुर्बीण घातली, तुकडा काढला. अहवाल जळगावला मिळणार होता. मुलगी ज्योती जळगावजवळ असोद्याला दिलेली आहे. जावई दिलीपराव केळी लावतात. त्या दिवशी तेच मला मोटारसायकलवर घेऊन गेले.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी पाकीट उघडलं, वाचलं आणि दिलीपरावांकडे पाहून म्हणाले, "आजोबांना जरा बाहेर बसवता का?"

मी म्हणालो, "साहेब, अन्ननलिका माझी आहे. बाहेर गेलो तर तीही बाहेर येईल."

डॉक्टर हसले नाहीत. "गाठ आहे," ते म्हणाले, "आणि ती चांगली नाही." मग ते बराच वेळ बोलले. या वयात शस्त्रक्रिया नको, किरणांचा शेक द्यायचा, आठवड्यातून एकदा सलाईनमधून औषध. दिलीपराव खताच्या दुकानाच्या पावतीमागे लिहून घेत होते. मला फक्त त्यांच्या पेनचा आवाज ऐकू येत होता.

बाहेर मोटारसायकलपाशी आल्यावर ते किल्ली हातात धरून उभे राहिले. "नाना, आईंना तुम्ही सांगता का मी सांगू?"

"मी सांगतो," मी म्हणालो.

असोद्याला पोचल्यावर सुमन ओट्यावर कोथिंबीर निवडत होती. मी हातपाय धुवायला मोरीत गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो. बाहेर आलो तोवर दिलीपरावांनी सांगून टाकलं होतं. सुमनने कोथिंबिरीच्या काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला केली, आणि मग एवढंच म्हणाली, "पाणी किती वेळ वाहू दिलं तुम्ही."

पाच आठवडे

शेक घेताना दुखत नाही. हे पहिलं ऐकून ठेवा. टेबलावर झोपवतात, जड दार बंद होतं, आणि पाच-सात मिनिटं यंत्र आपल्याभोवती फिरतं. आत दुसरं कोणी नसतं. छातीवर जांभळ्या शाईच्या रेघा काढलेल्या असतात, त्या पुसायच्या नाहीत, म्हणून पाच आठवडे तिथे पाणी लावायचं नाही. सुमन ओल्या फडक्याने कडेकडेने पुसायची, रांगोळीभोवतीची जमीन पुसावी तसं.

पहिले दोन आठवडे वाटतं, काहीच होत नाही. तिसऱ्यात घसा आतून सोलल्यासारखा होतो आणि थुंकी गिळायलाही मनाची तयारी करावी लागते. माझं वजन उतरलं तेव्हा नाकातून नळी घातली. नळी घालताना भांडू नका, घोट गिळल्यासारखं करा, दोन मिनिटांत होतं. नळी असलेल्या माणसाला मुलं घाबरतात. माझी नात चार दिवस जवळ आली नाही. पाचव्या दिवशी तिने विचारलं, "आबा, तुमची पेज नाकातून जाते तर वास आधी येतो का चव?" मला हसू आलं आणि हसल्याने इतकं दुखलं की डोळ्यांत पाणी आलं. घरच्यांना वाटलं मी रडतो आहे, आणि ज्योती नातीला रागावली. असे गैरसमज घरात रोज होत होते.

एक खरं सांगतो. त्या दिवसांत मला वाटायचं, आता मी कशासाठी आहे? सकाळी मोटारसायकलवर कोणीतरी न्यायचं, दुपारी आणायचं, दर दोन तासांनी कोणीतरी पिचकारीने पोट भरायचं. तीस वर्षं मी एका संस्थेचा सचिव होतो. माणसाच्या आयुष्याला उद्देश हवा, यावर मी सभांमधून भाषणं केली आहेत. त्यातलं एक वाक्यही तिथे कामाला आलं नाही.

कामाला आले पहूरचे रघुनाथभाऊ. त्यांचा घसा, माझी अन्ननलिका, नंबर पाठोपाठ. रोज तासभर एका बाकावर. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "नाना, तुमी काय करत होते?"

मी खरखरत्या आवाजात म्हणालो, "नोकरी होती. पण मुख्य म्हणजे समाजसेवा."

"मंग बरं हाये तुमचं," ते म्हणाले, "आमी आपली नुसती कापसं केली."

त्यांच्यामुळेच मला एक बारीकसं काम मिळालं. नवीन माणूस घाबरून बाकावर येऊन बसला की रघुनाथभाऊ मला कोपराने ढोसायचे. "सांगा त्याले, सचिव." आणि मी सांगायचो की आत दुखत नाही, रेघा पुसू नका, ताक गाळून घ्या. रघुनाथभाऊ पुढे पूर्ण बरे झाले. परवाच फोन आला, वांग्याचं भरीत खाल्लं म्हणाले, तिखट कमी घालून.

दुपारचा एक

रघुनाथभाऊंची कारभारीण रोज त्यांच्याबरोबर पहूरहून एसटीने यायची. पहाटेची गाडी धरायची म्हणून डबा होत नसे. दुपारी एकच्या सुमाराला ती बाकाच्या टोकाला जाऊन, भिंतीकडे तोंड करून, पिशवीतले मुरमुरे खायची. नवऱ्याला गिळता येत नाही आणि आपण खातो, याची तिला लाज वाटायची. सुमनच्या हे तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. चौथ्या दिवसापासून ती ज्योतीकडून दोन भाकरी जास्त करून आणायला लागली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, कधी शेवभाजी. दोघी जिन्याखाली बसून खायच्या.

एका दुपारी मी आतून शेक घेऊन बाहेर आलो तेव्हा सुमन तिला म्हणत होती, "आमच्या धुळ्यात हे काम चालायचं. दवाखान्याबाहेर रोज शंभरेक माणसं जेवायची. मी आठ घरांच्या भाकरी गोळा करायचे."

"मंग बंद का झालं?" बाईने विचारलं.

"ज्या बाईने सुरू केलं, तिनेच बंद करायचा ठराव मांडला," सुमन म्हणाली. "आम्हाला विचारलंसुद्धा नाही. मला सख्ख्या बहिणीसारखी होती. त्या दिवसापासून मी तिचं तोंड पाहिलं नाही."

मी जिन्याचा कठडा धरून उभा होतो. सुमन जे बोलली ते तिला मी सांगितलं होतं, आणि ते खोटं होतं.

ते खोटं

त्या बाईंना सगळे अक्का म्हणत. मूळच्या नरडाण्याच्या, सासर धुळ्याचं, मूलबाळ नाही, नवरा लवकर गेलेला. नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणात त्या दवाखान्याबाहेर तीन दिवस जेवणाशिवाय बसल्या होत्या. दुःख ओसरल्यावर त्यांनी गल्लीतल्या बायकांना सांगितलं, सकाळी भाकरी करताना दोन जास्त थापा. फडक्यात बांधून अक्का त्या भाकरी घेऊन जायच्या आणि रुग्णांबरोबर आलेल्या माणसांना वाटायच्या. एका गल्लीच्या चार गल्ल्या झाल्या, पत्र्याची एक शेड मिळाली, भाकरीबरोबर डाळ आली. मग आम्ही शिकलेले पुरुष त्यात शिरलो. मंडळ नोंदवलं. घटना मी लिहिली, उद्देशाचं कलम माझ्या सुवाच्य अक्षरात. मी सचिव झालो. अक्का कार्यकारिणीत एकट्या बाई. साक्षरता वर्गात त्या सही करायला शिकल्या होत्या, वाचन मात्र त्यांना जमलं नाही.

बारा वर्षं चांगली गेली. पुढे एका व्यापारी कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ मंडळाला सभागृह बांधून द्यायची तयारी दाखवली. माणसं भली होती, त्यांनी कसली अट घातली नाही. अट आम्हीच आमच्या मनात घातली, मंडळाने आता मोठं दिसायचं. सभागृह, रुग्णवाहिका, व्याख्यानमाला. कोणीतरी नाशिकहून एक मार्गदर्शक बोलावला. त्यांनी दिवसभर आम्हाला गटात बसवून, संस्थेचं ध्येय एका वाक्यात लिहा म्हणून सांगितलं. आमच्या गटाने 'खान्देशातील अग्रगण्य' असं सुरू होणारं वाक्य लिहिलं. अक्कांना लिहिता येत नव्हतं म्हणून त्यांना तोंडी विचारलं.

त्या म्हणाल्या, "दुपारले माणूसले भूक लागस. तठे भाकर पोचाले जोयजे. आखो काय?"

सगळे हसले. मीही हसलो. त्या मार्गदर्शकांनी मात्र फळ्यावर ते, दुपारी माणसाला भूक लागते तिथे भाकर पोचली पाहिजे, असं लिहून घेतलं होतं. जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी फळा पुसला.

सभागृहाच्या आखणीत पत्र्याची शेड आड येत होती. त्यातच उन्हाळा आला. भाकरी दुपारपर्यंत चिकट व्हायला लागल्या, एक दिवस डाळ आंबली आणि दोघांना उलट्या झाल्या. अक्का फार घाबरल्या. शेडमध्ये पातेलं घासता घासता त्या मला म्हणाल्या, "नाना, आठ दिवस बंद ठेवूत. ऊन उतरू द्या."

पुढच्या सोमवारी सभा होती. अक्का भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या. आम्ही सात पुरुष. भाकरीचं काम कायमचं बंद करावं, यावर सातही जणांचं एकमत होतं. अध्यक्षांनी विचारलं, "सूचक कोणाला करू या?" आणि खोलीत एकदम शांतता पसरली.

ज्याने संस्थेत काम केलं नाही त्याला ही शांतता कळणार नाही. ठरावाखाली सूचकाचं नाव लागतं, आणि सातही जणांच्या घरची बाई रोज सकाळी दोन भाकरी जास्त थापत होती. आपल्या नवऱ्याने, आपल्या मुलाने ते बंद करायला सांगितलं, हे कोणालाच घरी कळू द्यायचं नव्हतं. एकाने दुसऱ्याकडे बोट केलं, दुसरा म्हणाला, "मन्ही माय माले घरात घेव्हाव नही." सगळे हसले. नाव कोणाचंच येईना.

तेव्हा मी म्हणालो, "अक्का परवा म्हणाल्याच होत्या."

सगळे मोकळे झाले. मी लिहिलं, सूचक म्हणून अक्कांचं नाव, अनुमोदक म्हणून माझं. ठराव सर्वानुमते मंजूर.

इतिवृत्ताची वही सह्यांना घरोघरी फिरवायची आमच्याकडे रीतच होती. गैरहजर माणसाची सही मागाहून घ्यायची, हजेरीच्या जागी पण. अक्कांच्या घरी वही मी स्वतः घेऊन गेलो. जिथे सही करायची तिथे पेन्सिलने फुली केली होती. त्यांनी विचारलं, "काय लिखेल शे?"

"नेहमीचंच, अक्का," मी म्हणालो.

त्यांनी सावकाश, जीभ दातात धरून सही केली. मग मला चहा केला. मी तो बसून प्यायलो.

पंधरा दिवसांत गल्लीगल्लीत कळलं. बायका त्यांना रस्त्यात अडवून बोलल्या. सुमनने मला विचारलं, "हे खरं आहे का?" मी म्हणालो, "वहीत त्यांचं नाव आहे, सही आहे." सुमनने त्यांच्याकडे जाणं सोडलं.

अक्का एकदाच मंडळाच्या कचेरीत आल्या. "नाना, तठे मन्हं नाव कसं लागनं?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना शेडमध्ये, बंद ठेवू या म्हणून?"

त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला सोपं गेलं असतं. पण त्या आठवून पाहत होत्या. मग म्हणाल्या, "हां. म्हनेल ते व्हतं मी." आणि चप्पल घालून गेल्या. वर्षाच्या आत त्या नरडाण्याला भावाच्या घरी कायमच्या राहायला गेल्या.

सभागृह झालं. त्यात साखरपुडे होतात, सत्कार होतात. वार्षिक अहवालात मी दर वर्षी लिहीत गेलो की संस्थेने आपली उद्दिष्टं पूर्ण केली. दवाखान्याबाहेरच्या बाकांवरून मी कितीदा तरी गेलो असेन. दुपारी एक वाजता कधी गेलो नाही.

इथे एक खुलासा करतो. भाकरी बंद केली म्हणून अन्ननलिकेला गाठ झाली, असं कोणी म्हणू नये. मलाही नातेवाइकांपैकी काहींनी विचारलं, काही शाप, काही राहिलंय का. मी चाळीस वर्षं तंबाखू खाल्ली, एवढं कारण पुरेसं आहे. आजार ही शिक्षा आहे असं मानलं तर, आजारी पडून फेड झाली, असंही मानता येतं. मला ती सवलत नको.

सुमन

जिन्याखालचं ते बोलणं ऐकलं त्याच संध्याकाळी असोद्याला, ज्योती गोठ्यात असताना, मी सुमनला सांगितलं. ती नळीत पेज घालत होती. आवाज फाटका होता, दोन-तीन वेळा थांबावं लागलं. तिने पिचकारी तशीच वर धरून ठेवली होती. पेज पूर्ण उतरली, वरून पाणी घातलं, नळीला टोपण लावलं. मग ती उठून गेली.

नऊ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. काम एकही चुकवलं नाही. गोळ्या कुटून द्यायची, फडक्याने छाती पुसायची, पिशवी घेऊन दवाखान्यात यायची. ज्योतीला वाटलं, आई थकली आहे. आजारी माणसाच्या घरात अबोला फार जड असतो, कारण ज्याच्यावर रुसायचं त्यालाच अंघोळ घालायची असते.

दहाव्या दिवशी बाकावर ती समोर पाहत म्हणाली, "माझी मैत्रीण तुम्ही खाल्लीत."

मी नळीचं टोपण चाचपत बसलो.

"अठरा वर्षं. तिच्या भावजयीच्या बाराव्यालाही मी गेले नाही. ती काय म्हणाली असेल?" मग पिशवी मांडीवर घेत, "नळी निघाली आणि पायावर उभं राहता आलं की नरडाण्याला जायचं. मी येणार नाही. तुमचं तुम्ही सांगायचं. तुम्ही सांगितल्यावर मग मी जाईन."

"जातो," मी म्हणालो.

"मोरीत नळ सोडून उभे राहू नका," ती म्हणाली.

नरडाणा

उपचार संपून दोन महिने झाले होते. नळी निघाली होती, मऊ भात जात होता. जळगावहून सकाळच्या पॅसेंजरने निघालो. दिलीपराव येतो म्हणत होते, त्यांना नको म्हणालो. तीन तास मी मनात वाक्यं जुळवत होतो. शेवटी चारच वाक्यं ठेवली, कारण आवाज तेवढाच पुरला असता.

अक्कांच्या भाच्याचं घर स्टेशनपासून लांब नव्हतं. तो औद्योगिक वसाहतीत कामाला गेलेला. अक्का पडवीत खाटेवर बसल्या होत्या. ऐंशीच्या आसपासच्या, एका डोळ्याला दिसत नव्हतं. मी नाव सांगितलं.

"नाना?" त्या उठू लागल्या. "या, बठा, बठा. कितला सुकी गयात तुम्ही!"

मी आजाराचं सांगितलं. त्यांनी आत हाक मारून भाचेसुनेला दुधात कुस्करलेली भाकरी आणायला सांगितली, अगदी बारीक कर म्हणाल्या. मी चमच्याने खाऊ लागलो. एवढं खाऊन झालं की बोलायचं, असं ठरवलं.

वाटी निम्मी झाली असेल. अक्का म्हणाल्या, "बरं व्हयनं तुम्ही उनात. तुम्हले एक सांगानं व्हतं माले. मराना पहिले."

मी चमचा थांबवला.

"ते भाकरीसनं काम मन्हामुळे बंद पडनं. मी तो शब्द बोलनू नसतू ते बंद पडतं नही. तुम्ही कितली मेहनत करी व्हती. रोज याद येस. आठ दिवस म्हने मी, आनि समदं बुडी गयं." त्यांनी माझा हात चाचपून धरला. "तुम्ही माले कधी बोलनात नहीत. हाई तुम्हनं मोठं मन. माले माफ करा, नाना."

माझी चारही वाक्यं तयार होती. घसा दुखत नव्हता. पडवीत आम्ही दोघंच होतो. यापेक्षा चांगली वेळ देवानेही आणून दिली नसती.

मी म्हणालो, "जाऊ द्या अक्का. चूक माणसाकडूनच होते."

त्यांनी रडत माझा हात कपाळाला लावला.

का म्हणालो, याचं उत्तर मी तेव्हापासून शोधतो आहे. त्यांचं ओझं चटकन उतरावं म्हणून, असं मी स्वतःला परतीच्या गाडीत सांगितलं. ते खरं नाही. त्या मला मोठ्या मनाचा म्हणाल्या होत्या आणि त्या क्षणी मला तसंच राहायचं होतं. वाटी मी पूर्ण संपवली. घास अडकला नाही.

त्यानंतर

घरी आल्यावर सुमनने दारातच विचारलं, "सांगितलं?"

"हो."

"काय म्हणाली?"

"रडल्या," मी म्हणालो. तेवढं खरं होतं.

पुढच्याच आठवड्यात सुमन नरडाण्याला गेली आणि चार दिवस राहिली. दोघींनी मिळून पापड लाटले, जुन्या बायकांची नावं काढली. त्या गोष्टीचा विषय दोघींनीही काढला नाही. सुमनला वाटलं, यांनी सांगून टाकलंय, आता कशाला उकरायचं. अक्कांना वाटलं असावं, नानांनी माफ केलं, सुमननेही केलं. सुमन परत आली तेव्हा तिचा चेहरा अठरा वर्षांपूर्वीसारखा झाला होता, आणि मी तिच्याकडे पाहू शकत नव्हतो.

दिवाळीआधी अक्का गेल्या. झोपेतच. सुमन दोन दिवस रडली आणि मग म्हणाली, "तुम्ही वेळेत जाऊन आलात, हे फार बरं झालं."

मी मंडळाच्या कचेरीत गेलो. वही कपाटात आहे. आताच्या अध्यक्षांना, जे माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत, म्हणालो की त्या ठरावात दुरुस्ती करायची आहे, सूचकाचं नाव चुकीचं आहे. ते अदबीने म्हणाले, "नाना, पुढच्याच सभेत ते इतिवृत्त वाचून कायम झालंय. तुमचीच सही आहे त्यावर. आणि आता अक्काही नाहीत. कोणासाठी करायचं?" मग चहा मागवला.

म्हणून वहीत जे लिहिता आलं नाही ते इथे लिहितो. हे दवाखान्यातल्या ताईंना देण्याआधी सुमनला वाचायला देणार आहे. नरडाण्याहून आल्यावर मी तिच्याशी दुसऱ्यांदा खोटं बोललो, हे तिला यातूनच कळेल. ती यावर काय करेल मला माहीत नाही, आणि काहीही केलं तरी ते तिच्या हक्काचं असेल.

आणि पॅसेंजरमध्ये जुळवलेली, पडवीत न बोललेली ती वाक्यं ही:

अक्का, तुम्ही आठ दिवस म्हणाला होतात, कायमचं मी लिहिलं. वाचता येत नाही हे माहीत असून मी तुमची सही घेतली. बायकांनी तुम्हाला दोष दिला तेव्हा मी गप्प राहिलो, सुमनजवळसुद्धा. माझी चूक मी तुमच्या नावावर लिहिली, मला माफ करा.